आईच्या घागरीतलं पाणी

बोरी, ता. जिंतूर
८ जून १९७३

बायना,

जयभीम. आशीर्वाद लिहीत नाही, तो मनातून निघंना.

दत्तरावांचं कार्ड मिळालं. तुझा उजवा डोळा सुजलाय, पू यायलाय, डॉक्टरनं मलम दिलंय, एवढं कळलं. तुझा नवरा भला माणूस. मला विचारतो, "आक्का, मयतीत नेमकं काय झालं ते ही सांगत न्हाई, तुमाला ठाऊक असलं तर कळवा." मला काय ठाऊक? माहेरी राणीसावरगावला त्या दिवशी शंभर माणूस जमलं होतं, धुळीचे लोट उठत होते. धूळ गेली असेल. कांद्यानं काही कुणाचा डोळा जात नसतो, घरोघर बायका रोज कांदा चिरतात.

आता मी बोलते ते ऐक. मला तुझी शिसारी आलीय. सख्ख्या बहिणीला असं लिहायला माझा हात कचरत नाही, यातच समजून घे.

आई अंगणात निजवलेली. यंदाचा हा उन्हाळा, गावातल्या विहिरी कोरड्याठाक, आणि ज्या एका विहिरीला पाणी होतं तिच्यावर आपल्या माणसांना चढू दिलं नाही. आपल्या भावानं, भुजंगनं, ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरून आणली, दोन कोस खांद्यावर. आईच्या शेवटच्या अंघोळीची घागर ती. एवढ्या बाया बसलेल्या, कुणी घशाखाली थेंब उतरवला नाही. मयत दारात असताना पाणी पीत नाहीत हे तुला सांगायला पाहिजे होतं का? आणि तू सगळ्यांच्या देखत उठलीस, त्या घागरीत पेला बुडवलास आणि घटाघटा प्यालीस. एक नाही, दोन पेले. तोंड पुसलंस पदरानं आणि परत येऊन बसलीस, जशी लग्नाच्या पंगतीत बसलीस.

बाया कुजबुजायला लागल्या. लक्ष्मीबाई काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चतुरा, तुझ्या भैनीनं आईच्या मढ्याचं पाणी पिलं. आन डोळ्याला एक टिपूस न्हाई तिच्या." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी आई गेल्यापासून रडून रडून घसा फोडत होते. तू कोरडी. आई तुला आंधळ्या मायेनं वागवायची, आणि तिच्यासाठी तुझ्याकडं दोन आसवं नव्हती.

तशी तू आधीपासून सोंगाडीच. भाकरीच्या घासाघासाला पाणी पाहिजे. तिशीत सगळ्या दाढा किडवून घेतल्यास. उन्हात काळा चष्मा, रेल्वेवाल्याची बायको म्हणून. दुपारी बोटं दुखतात म्हणून निजायचं आणि धुणं म्हाताऱ्या आईनं धुवायचं. मी सगळं बघत होते, बोलत नव्हते.

आईच्या नावानं केलेल्या पुण्यानुमोदनाला आली नाहीस ते बरं केलंस. माझ्या घरी येऊ नको, मीही तुझ्या पूर्ण्यात पाय ठेवणार नाही. आईबरोबर एक बहीणही पोचवून आले असं मी धरलंय.

चतुरा


बोरी
१९ ऑगस्ट १९७५

बायना,

दोन वर्षांत तुझी चार पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. हे लिहिते ते तुझा आगाऊपणा थांबावा म्हणून.

भुजंग गेल्या आठवड्यात येऊन गेला. तू त्याला निरोप दिलास म्हणे, "आक्काला इचार, भाकर पाण्याबिगर उतरती का. सकाळी डोळे उघडताना पापण्या चिकटत्यात का." हे काय विचारणं झालं? टोमणा मारायचा तर सरळ मार. माझे पुढचे दोन दात पडले ते कुणीतरी तुझ्या कानावर घातलं, आणि तुला उकळ्या फुटल्या असतील.

मला काही झालेलं नाही. उष्णता आहे. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, "बाई, शाळेत दिवसभर बोलता, घसा सुकणारच." वैद्यानं सब्जा आणि गुलकंद दिलं. दोन्हींनी गुण नाही, पण येईल.

खरं सांगायचं तर मला माझ्या तोंडाचा वीट आलाय. जीभ टाळूला चिकटते ती बोटानं सोडवावी लागते. वर्गात चौथीला कविता म्हणून दाखवताना ओठांचा चपचप आवाज येतो आणि मागच्या बाकावरच्या पोरी तोच आवाज काढून हसतात. तोंडाला वास यायलाय. तुझे दाजी माणिकराव काही बोलत नाहीत, पण शेजारी बसले की मान पलीकडं करतात. ते मान फिरवतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, माझीच घाण वाटते. दात घासते, लिंबाची काडी चावते, लवंग धरते, आणि तासाभरात परत तेच. डोळ्यांत कायम रेती घातल्यासारखं. कोपऱ्यांतली चिपडं दोऱ्यासारखी लांब ओढून काढावी लागतात. 

हे तुला का लिहिलं कुणास ठाऊक. खोडत बसत नाही. तू असले प्रश्न भुजंगच्या तोंडून परत विचारू नको म्हणजे झालं.

चतुरा


बोरी
१८ नोव्हेंबर १९७७

चि. बायनास आक्काचा जयभीम.

हे पत्र फाडू नकोस. माझ्यासाठी नाही, तुझ्या डोळ्यांसाठी लिहायलेय.

दिवाळीच्या सुट्टीत तुझे दाजी मला औरंगाबादेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. गालाखाली दोन्हीकडं गाठी सुजल्या होत्या, बोटं सकाळी मिटेनात, आणि मला वाटत होतं आता हे कॅन्सरचंच. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याहून लहान, पण डोकं शांत. तिनं आधी माझं सगळं ऐकून घेतलं. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणी "उष्णता" म्हणालं नाही.

मग तिनं कागदाच्या दोन बारक्या पट्ट्या काढल्या, आपल्या शाळेच्या टिपकागदासारख्या. टोक दुमडलं आणि खालच्या पापणीच्या आत अडकवलं, एकेका डोळ्यात एक. म्हणाली, पाच मिनिटं डोळे मिटून बसा. चांगल्या माणसाची पट्टी बोटाच्या पेराएवढी तरी भिजते. बायना, माझ्या पट्ट्या नखाच्या कडेएवढ्यासुद्धा ओल्या झाल्या नाहीत. तिनं त्या माझ्या तळहातावर ठेवल्या.  दोन्ही कोरड्या.

रक्तही तपासलं. आजाराचं नाव शोग्रेन, परदेशातल्या डॉक्टरचं नाव आहे. तिनं मला समजेल असं सांगितलं, ते तुला सांगते. बाहेरचा रोग अंगात शिरला तर त्याच्याशी झुंजायला अंगात एक ताकद असते. काही माणसांत, आणि बायकांत जास्त करून, ती ताकद चुकते. आपल्याच अंगावर उलटते. राखणीला ठेवलेल्या माणसानं आपलंच पीक कापावं तसं. आसवं जिथं तयार होतात आणि थुंकी जिथं तयार होते तीच ठिकाणं ती आधी खाते. मग डोळे कोरडे, तोंड कोरडं. थुंकी नाही म्हणून दात किडतात. सांधे धरतात, आणि काही न करता माणूस थकून पडतो. हे कुणाच्या करणीनं होत नाही, कुणाच्या स्वभावानं होत नाही. मुळापासून बरा होत नाही, पण सांभाळता येतो.

ती एकेक सांगत गेली आणि मला माझंच ७३ सालचं पत्र कुणी वाचून दाखवायलंय असं वाटायला लागलं. घासाघासाला पाणी. किडक्या दाढा. काळा चष्मा. दुपारचं निजणं. मी तुझ्यावर जेवढे आळ घेतले होते, तेवढी त्या आजाराची लक्षणं निघाली.

शेवटी तिनं विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का? बहीण?" आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, मला बहीण नाही.

मग बाहेर पडता पडता मी परत आत गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की अशा माणसाच्या डोळ्यात कांद्याचा रस गेला तर काय होतं. ती म्हणाली, चांगल्या डोळ्यात आसवं येतात आणि कांदा धुऊन काढतात. कोरड्या डोळ्यात तो तसाच बसतो. बुबुळाला जखम होते, ती चिघळली तर डोळा जातो. "कुणाच्या डोळ्यात गेला?" मी म्हणाले, एका बाईच्या. ती म्हणाली, त्या बाईला लवकर घेऊन या.

बायना, जे झालं ते झालं. मयतीच्या गर्दीत माणसाच्या हातून काही होऊन जातं. तू औरंगाबादेला ये. आसवांच्या जागी घालायचं औषध मिळतं, दिवसातून सहा वेळा घालायचं. तोंडासाठी पाणी घोटघोट सारखं प्यायचं, गोड खायचं नाही, दात जपायचे. मला पंधरा दिवसांतच डोळ्यांची रेती कमी वाटायलीय. उत्तर दे.

तुझी आक्का


बोरी
५ डिसेंबर १९७७

बायना,

पत्र परत आलं. पोष्टमननं वर लिहिलंय, "घेण्यास नकार". पाकीट फोडलेलं नाही.

रागावले नाही. उलट बरं झालं. मी ते फोडून परत वाचलं आणि मला माझीच शिसारी आली. "माणसाच्या हातून काही होऊन जातं." शाळेत पोरींना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईची ही भाषा. काही होऊन गेलं नव्हतं. मी केलं होतं. हे पत्र भुजंगच्या हातानं पाठवते आणि ते त्यानं तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. दत्तरावांच्या समोर. त्यांनी साडेचार वर्षांमागं मला जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर.

लक्ष्मीबाई काकू माझ्या कानाशी बोलून गेली, तेव्हा मी उठून आत चुलीपाशी गेले. टोपलीतला एक कांदा घेतला, पाट्यावर वरवंट्यानं ठेचला आणि पदराच्या टोकात बांधला. बाहेर आले. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, तशी मी तुझ्या गळ्यात पडले. "बायना गं, आपली आई गेली गं" असं मोठ्यानं म्हणाले, आणि तो पदर तुझ्या उजव्या डोळ्यावर दाबून चोळला. बघणाऱ्यांना वाटलं, थोरली बहीण धाकटीचे डोळे पुसायलीय. तू माझ्या कानात हळूच म्हणालीस, "आक्का, नको गं, जळायलंय." मी सोडलं नाही. डावा डोळा राहिला तो तू मला ढकललंस म्हणून.

का केलं ते पण सांगते. आपल्या माणसांनी देव सोडले त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, पण मयतीत कोण किती रडलं हे मोजायची रीत कुणी सोडली नव्हती. मी त्या वस्तीतली पहिली शिकलेली बाई. माझ्या घराण्याला नाव ठेवलं जाईल याची मला भीती वाटली. आईसाठी नाही केलं. मी रडत होते तेसुद्धा अर्धं लोकांसाठी होतं. रडता रडता मी बोटांच्या फटीतून बघत होते, कोण कोण आलंय. आई असती तर तिनं स्वतः उठून तुला पाणी दिलं असतं.

आणि तुला दोन वर्षांमागंच कळलं होतं. भुजंगजवळ तू पापण्यांचं विचारलंस ते टोमणा म्हणून नाही. तुझ्यासारखंच मला होऊ लागलंय हे तुझ्या ध्यानात आलं होतं, आणि एवढं झाल्यावरही तुला माझी काळजी वाटली. मी त्यावर काय लिहिलं ते मला आठवतं. थू माझ्या जिनगानीवर.

भुजंग तुझ्या डोळ्याचं सांगू लागला की मी दर वेळी विषय बदलायची. आजही त्याला विचारायची माझी छाती झाली नाही.

सोबत दोन पट्ट्या आहेत. शाळेच्या टिपकागदाच्या कापल्यात, पण चांगल्या धुतलेल्या हातानं. प्रत्येकीच्या टोकापासून जरा वर मी शाईची एक रेघ ओढलीय. टोक दुमडून खालच्या पापणीत अडकव, डोळे मीट आणि दत्तरावांना तीनशे मोजायला सांग. आसवं असतील तर रेघ फुटून पसरेल. नसतील तर जशी आहे तशीच राहील. पट्ट्या मला पाठवल्यास तर मी त्या डॉक्टरीणबाईंना दाखवीन. तिला मी कार्ड टाकलंय की मला एक बहीण आहे.

पत्राचं उत्तर देऊ नकोस. पट्ट्या तेवढ्या धाड.

चतुरा


बोरी
९ जानेवारी १९७८, सोमवार

बायना,

तुझं पाकीट आज शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वर्गात एकटी बसून फोडलं.

एका पट्टीचं टोक दुमडलेलं, आणि वरची शाईची रेघ मी ओढली होती तशीच्या तशी, कुठं फुटली नाही. दुसरी पट्टी दुमडलेलीच नव्हती. तिच्यावर तुझं अक्षर. लहानपणी राणीसावरगावच्या अंगणात मी काडीनं मातीत गिरवून तुला शिकवलेलं, अजून तसंच उभं आणि मोठं. "आक्का, डाव्याची धाडली. ही उजव्याची परत घे. तिथं आता लावायला काही नाही. डाव्यानं पण कमी दिसायलंय."

मी दोन्ही पट्ट्या पाकिटात घातल्या. मग हेडमास्तरांना सांगून घरी आले. तुझ्या दाजींना दोन्ही पट्ट्या दाखवल्या, सगळं सांगितलं. आजवर त्यांनाही कांद्याचं ठाऊक नव्हतं. ते ऐकत होते. माझी छाती भरून आली होती, डोळे आतून पेटले होते, आणि गालावर काहीच उतरंना. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "भैनीचा डोळा तुझ्या हातानं गेला, आन तुला रडू पण येत न्हाई?"

त्यांना आजार समजावून सांगितलेला आहे, बायना. डॉक्टरीणबाईंच्या समोर ते माझ्या शेजारी बसलेले होते. तरी म्हणाले.

 उठून रांजणातलं पाणी प्याले. एक पेला, मग आणखी एक. पिताना वळून बघितलं तर ते माझ्याकडं त्याच नजरेनं बघत होते जिनं त्या दिवशी सगळं अंगण तुझ्याकडं बघत होतं. मी पण त्यातच होते. ती नजर समोरून कशी दिसते ते मला आज कळलं.

आता पुढचं. डावा डोळा जाऊ द्यायचा नाही. तेवढं एक माझ्या हातात उरलंय, आणि त्यासाठी मी तुझी मनधरणी करायला, दत्तरावांच्या शिव्या खायला, काहीही करायला तयार आहे. डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलंय, पुढच्या सोमवारी घेऊन या म्हणून. मी आठ दिवसांची रजा टाकलीय. गुरुवारी पहिल्या एस.टी.नं परभणीला आणि तिथून गाडीनं पूर्ण्याला येते. माझ्याकडची औषधाची नवी बाटली आहे ती आणते, म्हणजे सोमवारपर्यंत तरी डाव्याला आराम पडेल. दत्तरावांनी दार उघडलं नाही तर क्वार्टरच्या पायरीवर बसून राहीन. शेजारचे काय म्हणतील ते म्हणू देत.

माफी मागायला येत नाही. त्या शब्दाचीसुद्धा आता मला शिसारी येते, तो माझ्या तोंडात शोभत नाही. तू माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, चालेल. औरंगाबादेपर्यंत पलीकडच्या बाकावर बस.

मला बघितल्यावर घाबरू नको. मी तुझ्या गळ्यात पडणार नाही. दोन्ही हात पदराच्या बाहेर ठेवून येईन, लांबूनच तुला दिसतील असे. दारात पाण्याचा तांब्या तेवढा भरून ठेव, आधी तू पी.

आक्का